आमची मंडळी

डिसेंबरात नगरला नात्यातलं एक लग्न होतं. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ सरकारी राजपत्र वाचत नाही.) माझ्याबरोबर ऑफिसातला एक मित्र आला होता, पुण्याचा, सदाशिव पेठेतला. चर्चमधलं लग्न त्यानं आतापर्यंत फक्त सिनेमात पाहिलेलं, त्यामुळे तो बाकावर अगदी ताठ बसला होता. पाळकसाहेबांनी बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला आणि घसा खाकरून वाचायला लागले, ''पतींनो, जशी ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली, तशी तुम्हीही आपापल्या पत्नीवर प्रीती करा.''

मित्रानं माझ्या कानाशी तोंड आणलं. ''मंडळीवर म्हणजे बायकोवरच ना? मग दोनदा कशाला सांगतायत?''

हसू दाबताना मला ठसका लागला आणि पुढच्या बाकावरच्या मावशींनी वळून पाहिलं. पण त्याची चूक नव्हती. चर्च या शब्दाला मराठी बायबलात 'मंडळी' म्हणतात. आणि मराठी नवरा संकोचून जेव्हा ''आमची मंडळी माहेरी गेलीय'' असं म्हणतो, तेव्हा घरात नुसता चहा करायलाही कुणी नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. आता गंमत बघा. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला तिथे नेमकं हेच म्हणायचं आहे. ख्रिस्त हा वर आणि मंडळी ही वधू. नवराबायकोचं सांगता सांगता तो मध्येच थांबतो आणि म्हणतो, हे रहस्य मोठे आहे. ग्रीकमध्ये ते रहस्य समजावून घ्यायला धर्मशास्त्राची पदवी लागते. मराठीत एका नवऱ्याचं लाजणं पुरतं. कुणा अनुवादकानं हा श्लेष मुद्दाम साधला असेल असं मला वाटत नाही. भाषेनंच तो परस्पर उरकून टाकला.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ही गंमत फार आवडली असती. ते शाळेत मराठी शिकवायचे. उपासनेला जाताना त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असायची आणि बायबलच्या समासात तिचा वावर असायचा. आमच्या घरातलं बायबल जुन्या भाषेतलं, त्यात 'तो त्यास म्हणाला, तेव्हा त्याने त्यास म्हटले' अशी वाक्यं. अण्णांनी त्याच्या बाजूला लिहून ठेवलंय, ''कोण कोणास?'' प्रेषितांवर विश्वास होता, सर्वनामांवर नव्हता. अर्पणाची थैली फिरत असताना ते विभक्ती सुधारत बसायचे.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मराठी पोराला दोन मराठ्या येतात. एक शाळेतली आणि गल्लीतली, दुसरी रविवारची. रविवारची मराठी थोडी कडक इस्त्रीची असते. तिच्यात प्रेम नसतं, प्रीती असते. 'खरंच सांगतो' नसतं, 'खचित खचित सांगतो' असतं. भेटल्यावर नमस्कार नसतो, 'सलाम' असतो, आणि तो ऐकून नवखा शेजारी बुचकळ्यात पडतो की ही माणसं नक्की कुठली. शमुवेल नावाच्या प्रत्येक मुलाचा गल्लीत शामू होतो आणि म्हातारपणी शामराव. मग त्याच्या दारावरचा क्रूस पाहून पोस्टमन दचकतो.

आणि पुस्तकांची नावं! बायबलच्या दोन भागांना मराठीत जुना करार आणि नवा करार म्हणतात. करार म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे अकरा महिन्यांचा, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा, डिपॉझिट परत न करणारा घरमालक येतो. देव मोशेला सिनाय पर्वतावर दोन साक्षीदार घेऊन या म्हणाला असेल असं मला लहानपणी खरोखर वाटायचं. नव्या करारात एक पुस्तक आहे, 'प्रेषितांची कृत्ये'. मूळ मतलब एवढाच की प्रेषितांनी, म्हणजे येशूनं पाठवलेल्या शिष्यांनी, काय काय केलं. पण आपल्याकडे 'कृत्य' हा शब्द वर्तमानपत्रांनी पार वाया घालवला. सत्कृत्य क्वचित, बाकी सगळी लाजिरवाणी, अमानुष आणि घृणास्पद. त्यामुळे 'प्रेषितांची कृत्ये' हे नाव ऐकलं की आता पंचनामा वाचला जाणार असं वाटतं. नाही म्हणायला, त्या पुस्तकात तुरुंग, दंगा, कोर्टकचेरी आणि जहाजबुडी हे सगळं आहेच. म्हणजे शब्द अगदीच चुकला नाही.

पण माझं सर्वांत लाडकं नाव मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं. मराठी बायबलात त्याचं नाव आहे 'अनुवाद'. एका आख्ख्या अनुवादित ग्रंथाच्या पोटात 'अनुवाद' नावाचं पुस्तक! अनुवाद या शब्दाचा जुना अर्थ मागाहून बोलणं, आधी कुणी बोललेलं पुन्हा बोलणं. त्या पुस्तकात म्हातारा मोशे यार्देनेच्या अलीकडे उभा राहून जुने नियम नव्या पिढीला पुन्हा सांगतो. स्वतः तो नदी ओलांडत नाही. अनुवादकांचं बहुधा असंच होतं.

मराठीत हे पुन्हा सांगणं पहिल्यांदा मोठ्या ताकदीनं केलं ते एका इंग्रजानं, हा इतिहासाचा खट्याळपणा. थॉमस स्टीफन्स, विल्टशरमध्ये जन्मलेला, १५७९मध्ये जेझुइट संघाचा मिशनरी म्हणून गोव्यात उतरलेला. १६१६मध्ये गोव्यातल्याच राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं, आणि तेही रोमन लिपीत. अण्णांना समारंभात कुणी ना कुणी हमखास म्हणायचं, ''तुम्ही ख्रिश्चन असून मराठी इतकं छान बोलता!'' वर्षानुवर्षं मराठीच्या तासाला निबंध तपासलेला हा माणूस. ते चिडत नसत. ते शांतपणे स्टीफन्सची ओवी म्हणत,

''जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कीं रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी''

आणि मग विचारत, ''ही कोणाची, सांगा बघू?'' समोरचा ज्ञानेश्वर किंवा एकनाथ म्हणायचा. अण्णांना तेच हवं असायचं.

मी अण्णांइतका निर्मळ नाही, त्यामुळे त्या ओवीशी माझं थोडं भांडण आहे. ज्या पोर्तुगीज राजवटीच्या छत्राखाली हे पुराण जन्मलं, तिनंच लोकांची जुनी पुराणं हिरावून घेतली होती. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन होतं, म्हणजे धर्म सोडून वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. पुराणं ऐकण्याची सवय लागलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला काही उरलं नाही, तेव्हा स्टीफन्सनं त्यांना नवं पुराण दिलं. पुढे १६८४मध्ये तर त्याच सरकारनं लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. म्हणजे मराठीला रत्न म्हणणारा कवी आणि लोकांची जीभ कापणारा हुकूम, दोन्ही एकाच क्रुसाखाली. मला ओवी पाठ आहे आणि हुकूमही ठाऊक आहे. एकाला आठवून दुसऱ्याला विसरणं जमत नाही.

इकडे घाटावर गोष्ट वेगळी घडली. बंगालात सेरामपूरला बसून विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१०मध्ये कोश. महाराष्ट्रात पाय न ठेवलेल्या माणसाचं मराठी व्याकरण, हे ऐकून अण्णा लाल पेन्सिलीला टोक करायला घेत. पण त्याच्या पाठीशी वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते. मिशनऱ्यांच्या प्रत्येक ग्रंथामागे असा एक पंडित बसलेला असतो, आणि मुखपृष्ठावर त्याला जागा नसते.

पंडितांचा विषय निघालाच आहे तर रमाबाई. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिच्या संस्कृतपुढे मान तुकवून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसली आणि एकटीनं आख्खं बायबल मराठीत आणायला लागली. आणि आणलं कशा मराठीत? जिच्यातून संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढलेत अशा. तिचं म्हणणं, माझ्या शाळेतल्या, दुष्काळातून आलेल्या मुलींना कळलं पाहिजे. त्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले, त्यांच्याच छापखान्यात ते छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. लोक शब्दभांडार दाखवायला लिहितात. या बाईकडे भांडार होतं आणि तिनं त्याला कुलूप घातलं. मराठी साहित्याच्या इतिहासात तिची स्त्रीशिक्षणाबद्दल आरती होते, पण या कुलपाबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

माझ्या आजीला हे बायबल पटलं असतं. ती राहुरीकडची, अक्षरओळख बेताची, पण तेविसावं स्तोत्र तोंडपाठ. ''परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.'' एकदा तिला मी विचारलं, मेंढपाळ म्हणजे कोण गं? ती म्हणाली, ''मेंढपाळ पोथीतला. आपला तो धनगर.''

आमच्या घरात भिंतीवर मेंढपाळाचं चित्र होतं. परदेशी कॅलेंडरातून कापलेलं, सोनेरी केस, निळे डोळे, अंगावर पांढराशुभ्र झगा आणि खांद्यावर नुकतंच शांपूनं न्हाऊ घातलेलं कोकरू. आणि दारासमोरच्या रानात दिवाळीनंतर धनगर यायचे. शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन मेंढ्या रानात बसवायचे, खतासाठी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बरोबर घोडं आणि त्याच्यावर संसार, कोंबड्या आणि एखादं लेकरू. आणि वास! अर्ध्या मैलावरून कळायचं की परमेश्वर माझा मेंढपाळ जवळपास कुठेतरी उतरला आहे. नाताळच्या रात्री देवदूत ज्यांच्याकडे आधी गेले ते हेच लोक, 'रानात राहून रात्री कळप राखणारे'. आमच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला पोरांची झुंबड उडायची, डोक्याला टॉवेल गुंडाळायला मिळायचा म्हणून. पण समोरच्या रानातल्या धनगराला नाटक बघायला बोलवावं, असं आमच्या कुणाच्या मनात आल्याचं आठवत नाही. त्यांच्या शेकोट्या मात्र चर्चच्या पायरीवरून दिसायच्या.

त्या निळ्या डोळ्यांवर उतारा मला फार उशिरा मिळाला, गोव्यात पर्वरीला, आंजेलो द फोन्सेकाची चित्रं पाहिली तेव्हा. हा गोव्याचा माणूस, १९०२चा जन्म, कलकत्त्याकडे जाऊन अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली शिकला. परतल्यावर त्यानं मरियेला साडी नेसवली आणि रंग आपल्या मातीचा दिला. गोव्यातल्या भाविकांना ते सहन झालं नाही. देवाची आई आपल्यासारखी दिसते म्हणजे काय! मग तो पुण्यात आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. लग्नानंतर मरियेसाठी त्याची बायकोच समोर बसायची. मी त्या चित्रांसमोर उभा होतो आणि मनात म्हणत होतो, अनुवाद, पाचवं पुस्तक. मरिया मान थोडी खाली घालून उभी. पदर सावरलेला. तिला मी आमच्या गल्लीत नळावर पाहिलंय.

पण चित्रापेक्षा शब्दानं मला जास्त खाऊ घातलं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रज ब्रेड मागतो. आम्ही म्हणतो, ''आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.'' येशू मराठीत 'जीवनाची भाकर' आहे. ज्या कुणाच्या लेखणीतून हा शब्द उतरला त्याचे उपकार मी मानतो, कारण 'पोळी' लिहिलं असतं तर नगर जिल्ह्याचा निम्मा भाग तारणापासून वंचित राहिला असता. पोळी आमच्याकडे सणाला.

आता यातला घोळ ऐका. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. तेव्हा पाळकसाहेब म्हणतात, ''त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली.'' आणि ताटात असतो पाव. बेकरीतला, कडा कापलेला, चौकोनी तुकड्यांचा. लहानपणी मी आजीला म्हटलं, हे तर फसवणं झालं. ती म्हणाली, ''पावाचं पीठ फुगून वर येतं. भाकरीचं येत नाही, भाकर नुसता पापुद्रा धरते.'' तिला बेखमीर, म्हणजे आंबवण न घातलेली, हा शब्द समजावून सांगायची गरजच नव्हती. वल्हांडणाच्या सणाला यहुदी घरात खमीर चालत नाही, म्हणजे त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूच्या हातात जे होतं त्याला यीस्ट माहीत नव्हतं. बाजरीच्या पिठालाही माहीत नाही. आणि मोडणं! पाव तोडतात, केक कापतात, भाकरी मोडतात. ती वाकत नाही, मोडते, दोन्ही हातांनी. मराठी बायबलातल्या क्रियापदाला नीट बसेल असा एकच पदार्थ आहे आणि तोच आम्ही प्रभुभोजनाला ठेवत नाही. आमच्या मंडळीच्या सभेत मी एकदा हे सुचवलं होतं. 'विचार करू' असं ठरलं. ख्रिस्ती मंडळींच्या विचाराला घाई नसते.

खाण्यापिण्यावरून आपल्याकडे काय काय होतं ते पुण्याला विचारावं. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, चहा आणि बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळकांसकट सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला. प्रायश्चित्तं झाली, वाद झाले, वर्षानुवर्षं चर्चा चालली. एक कप चहा! आमच्या प्रभुभोजनाचा पेला तर अंगठ्याएवढा असतो आणि त्यात द्राक्षाचं सरबत. लग्नाच्या जेवणात माझ्या सदाशिव पेठेतल्या मित्रानं तिसऱ्यांदा मटण मागून घेतलं तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ''माझं प्रायश्चित्त उद्या जिममध्ये.''

नारायण वामन टिळकांचं नाव मी इतका वेळ राखून ठेवलं, कारण ते आले की लेख त्यांचाच होतो. कोकणातल्या करजगावात जन्मलेला हा कवी १८९५मध्ये ख्रिस्ती झाला आणि आमच्या नगरला येऊन राहिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. पूल ओलांडून आल्यावर त्यांनी तो मागे जाळला नाही. उलट त्याच्यावरून सामानाची ने-आण सुरू केली. अभंग आणला, कीर्तन आणलं, टाळ आणले, आणि ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९मध्ये गेले. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईनं. नवरा धर्म बदलून मोकळा झाला तेव्हा ही बाई मागे राहिली होती. पाच वर्षं भांडून, रडून, विचार करून ती आपल्या पायांनी आली. 'स्मृतिचित्रे'त ती नवऱ्याचा संताप, भोळेपणा आणि उधळेपणा इतक्या खोडकरपणे सांगते की वाचताना कळतं, या घरात धर्मापेक्षा विनोद आधी बाप्तिस्मा घेऊन बसला होता. पौलाला जे मोठे रहस्य वाटलं, त्यावर या मंडळीनं चार भाग लिहिले.

पण मला आज माउली या शब्दाबद्दल बोलायचंय. मराठी घरात एक व्याकरण असतं, कुणी न शिकवलेलं. आई 'तू', वडील 'तुम्ही'. आता नव्या पिढीत बाबाही 'तू' झालेत, पण आमच्या वेळी अण्णांना 'तू' म्हणणं म्हणजे शिक्षकांच्या खोलीत सायकल घालण्यासारखं. ''अहो अण्णा, जेवायला चला.'' असंच. आणि देव? तो तर बापच, पहिल्या शब्दापासून. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.' तुझे. तुमचे नाही. मराठी मूल स्वर्गातल्या बापाला आईच्या सर्वनामानं हाक मारतं. टिळकांनी माउली म्हटलं तेव्हा काही बंड केलं नव्हतं, व्याकरणात आधीच जे होतं ते मोठ्यानं म्हटलं. हे मला सुचलं तेव्हा मी अण्णांना फोन केला होता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''समासात लिहून ठेवतो.''

शेवटच्या महिन्यात अण्णा अंथरुणावर होते. रात्रीची प्रार्थना मी म्हणायचो, ते ओठ हलवायचे. 'मोहात पडू देऊ नकोस' ऐवजी मी एकदा 'मोहात आणू नकोस' म्हटलं तर डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. एका रात्री 'आमेन' म्हणून झाल्यावर मी पाण्याचा पेला उचलला, मानेखाली हात घातला, आणि प्रार्थनेतलं सर्वनाम तोंडातच राहिलेलं. ''घोटभर घे तू,'' मी म्हणालो.

अण्णांनी दोन घोट घेतले. ओठ पुसून घेतले. मग फार हळू आवाजात, पण शब्द स्पष्ट, म्हणाले, ''आमेन झालं ना? आता अहो म्हण.''